ओवीभर उजेड

“काय दिसतंय गं?”

आई आतून विचारायची. मी उंबऱ्यावर बसलेली असायची, ओच्यात भाजक्या शेंगा, बोळातले दिवे नुकते लागलेले.

“शांताकाकू चाललीया.”

“कुठल्या लुगड्यात?”

“हिरव्या.”

“काठ कसला हाय?”

“काठ न्हाई दिसत. लांब गेली.”

“लांब गेली म्हणून काय झालं? बारीक डोळं करून बघ. काठ कसला?”

मी शेंग तोंडात तशीच धरून डोळे बारीक करायची. खांबावरच्या पिवळ्या दिव्याखालून शांताकाकू जायची आणि क्षणभर तिच्या पायाशी काहीतरी चमकायचं.

“तांबडा. बारीक तांबडा.”

“मग बरं,” आई म्हणायची, आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

रोज संध्याकाळी हेच. कधी शांताकाकूचा काठ, कधी समोरच्या भिंतीवरचं मांजर, कधी सायकलवरच्या माणसाच्या डोक्यावर टोपी आहे की नाही. आईला सगळं लागायचं. मला वाटे, माझी आई भारी चौकशीखोर आहे. पेठेतल्या बायकांना वाटे, शेवंताक्का भारी कडक आहे. कारण दिवेलागण झाली की ती उंबरा ओलांडत नसे. आरतीला नाही, हळदीकुंकवाला नाही, शेजारी बारसं असलं तरी दुपारीच पाळण्याला हात लावून यायची. “घरात दिवा लावला की घरच्या बाईनं दिव्यापाशी असावं,” असं तिचं उत्तर ठरलेलं. घरातही तिचे कायदे असायचे. पाण्याचा तांब्या कोनाड्यातच, चपला दाराच्या डाव्या हातालाच, स्टूल भिंतीला टेकूनच. मी कधी स्टूल मधे ठेवलं की पाठीत धपाटा मिळायचा.

कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेतल्या एका बोळात आमचं दोन खोल्यांचं घर. वडील, म्हणजे आण्णा, एसटीवर ड्रायव्हर. त्यांच्या नशिबी कायम रात्रीच्या लांबच्या गाड्या. संध्याकाळी स्टँडवरून निघायचं, रात्रभर घाट उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लाल डोळ्यांनी घरी यायचं. तेव्हा घरात संध्याकाळी असायच्या दोघीच, मी आणि आई. आणि तिच्या ओव्या. भाकरी थापताना, तांदूळ निवडताना, माझी वेणी घालताना ती गुणगुणत राहायची. काही तिच्या आईकडून आलेल्या, काही तिथल्या तिथं जुळवलेल्या.

*

कॉलेज सुटल्यावर मी बाबालाल मुजावरांच्या फोटो स्टुडिओत कामाला लागले. लग्नाच्या फोटोंच्या कडा कापायच्या, अल्बम चिकटवायचे, काऊंटरवर बसून पासपोर्टच्या गिऱ्हाइकाला “हनुवटी वर” म्हणायचं. हळूहळू बाबालालचाचांनी मला डार्करूममध्ये घेतलं. तिथल्या लाल दिव्यात, पाण्याखालच्या कोऱ्या कागदावर एखाद्या नवरीचा चेहरा उमलताना पहिल्यांदा बघितला, त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या वर्षी गावातल्या छायाचित्रकारांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. विषय होता ‘रात्रीचं कोल्हापूर’. चाचांनी त्यांचा जुना कॅमेरा माझ्यापुढं ठेवला.

“जा, काढून आण. न्हाईतर मीच म्हातारा काढतो आणि पहिला नंबर घेतो.”

“मला जमंल, चाचा?”

“न जमाय काय झालं? रात्री डोळ्याला जे दिसत न्हाई ते फिल्मला दिसतं. फक्त तिला थांबायला येळ द्याय लागतो. माणसागत न्हाई ती, बघितलं न बघितलं करून पुढं पळणारी.”

घरी विषय काढला तेव्हा आण्णा सुट्टीवर होते, ताटावर बसले होते. त्यांचं उत्तर त्यांनी घास गिळायच्या आत दिलं.

“रात्रीची पोरगी रस्त्यावर? कागलच्या पाव्हण्यांना कळलं तर काय म्हणतील?”

कागलचे पाहुणे म्हणजे मला बघायला येणारे. मुलगा साखर कारखान्यात, घर दुमजली, आणि त्यांना सून घरात बसणारी हवी होती.

“आण्णा, प्रदर्शनात फोटो लागला तर मला ह्याच कामात ऱ्हाता येईल. चाचा म्हणत्यात, मोठ्या स्टुडिओत ओळख करून देतो. एक वरीस द्या मला.”

“आणि न लागला तर?”

“तर कागल.”

आण्णा हसले. त्यांना माझ्या तोंडावरून कळत होतं की मला कागल नको आहे. “बरं. फोटो लागला तर एक वरीस लग्नाचं नाव काढणार न्हाई. पण रात्री एकटी जायचं न्हाई. आणि मी तर गाडीवर असतो. मग कोण जाणार तुझ्यासंगं?”

आई भाकरी वाढत होती. ताटाच्या काठाला बोट लावून, अंदाज घेऊन, मगच भाकरी ठेवायची तिची पद्धत होती.

“मी जातो,” ती म्हणाली. आमच्याकडं बायकाही अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो.

आण्णांचा हात ताटात थांबला. “तू?”

“मी. का, मला पाय न्हाईत?”

आण्णा तिच्याकडं बघत राहिले. किती वेळ बघत राहिले ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. त्या वेळी मात्र मला वाटलं, हे नाही म्हणायला शब्द शोधतायत. मग त्यांनी माझ्याकडं मान वळवली.

“वैजे, हिचा हात सोडायचा न्हाई. काय बी झालं तरी. ऐकतीयास?”

“मी काय लहान हाय, हरवायला?”

“मी सांगतोय ते ऐक. हात सोडायचा न्हाई.”

*

पहिल्या संध्याकाळी आम्ही बोळातून बाहेर पडलो तेव्हा शांताकाकू दारातच होती. तिनं हनुवटीवर बोट ठेवलं. “अगं बया! शेवंताक्का, आज सूर्य कुठनं उगवला?”

“उगवला कुठला, मावळला म्हणून तर भाईर पडलो,” आई म्हणाली. माझं मनगट तिनं असं धरलं होतं की बांगड्या रुतत होत्या.

“आई, जरा सैल धर की.”

“गर्दी हाय.”

“कुठं गर्दी हाय? दोन सायकली चालल्यात.”

“दोन काय कमी झाल्या?”

कोपऱ्यावर वैरणवाल्याच्या दुकानापुढं ओल्या गवताच्या पेंढ्या रचून त्यावर गोणपाट टाकलेलं होतं. आई तिथं थांबली आणि अगदी मायेनं म्हणाली, “काय वहिनी, बसलाय व्हय? बरं हाय न्हवं?”

मी हसून लोटपोट झाले. “आई! वैरण हाय ती!”

आईनं हात पुढं करून गोणपाट चाचपलं. मग म्हणाली, “ठाव हाय मला. जी बसून ऱ्हाती आणि उत्तर देत न्हाई तिला वहिनी न्हाई तर काय म्हणायचं?” आणि स्वतःच माझ्यापेक्षा मोठ्यानं हसली.

रात्रीचा फोटो काढायचा म्हणजे कॅमेरा लाकडी स्टँडवर बसवायचा, त्याला एक वायर जोडायची, आणि वायरच्या टोकाची कळ दाबून धरायची. जोवर कळ दाबलेली, तोवर कॅमेऱ्याचा डोळा उघडा. कुठं वीस मोजायचे, कुठं पन्नास. मधेच गाडी आली तर तिच्या दिव्यानं फोटो भाजू नये म्हणून भिंगापुढं काळा पुठ्ठा धरायचा. दोन हात त्यातच गुंतायचे, आणि मोजणी चुकायची.

“तू मोजतीस का पळतीस?” आई म्हणाली. “सात झालं की एकदम अकरा. हितं दे ती कळ माझ्याकडं.”

“तुला कसं कळंल कवा सोडायची?”

“ओवी म्हणतो की. माझी ओवी कवा लांबत न्हाई, कवा आखडत न्हाई. माझी आई ह्याच मापानं दळण काढायची.”

मी कळ तिच्या हातात ठेवली. तिनं ती आधी बोटांनी चाचपली, मग अंगठा ठेवला, आणि गळा न खाकरता सुरू केलं:

दिवसाची माझी वाट, माझ्या पायाला गं ठावी
रातीची वाट बाई, लेक माझी मला दावी

शेवटच्या अक्षराला अंगठा उचलला. मी घड्याळ बघितलं. दुसऱ्यांदा म्हणायला लावली, पुन्हा बघितलं. तेवढीच. तिसऱ्यांदा तेवढीच. चाचांना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “दुनिया सेकंदात फोटो काढती, तुम्ही ओव्यात काढा!” पण नंतर तेच विचारू लागले, “ह्याला किती ओव्या दिल्यास?” आणि मी म्हणायची, “दोन.” ते निगेटिव्ह उजेडाकडं धरून मान डोलवायचे. “आणि अर्धी द्यायची हुतीस.”

आईचं एक मात्र होतं. कळ दाबायच्या आधी ती विचारायचीच.

“काय दिसतंय गं?”

“काय न्हाई. इस्त्रीवाला हाय.”

“काय न्हाई कसं? नीट सांग. सांगितल्याशिवाय मी कळ दाबणार न्हाई.”

मग मी सांगायची. सांगायला लागले की बघावं लागायचं. इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीतले निखारे तो फुंकतो तेव्हा त्याची हनुवटी खालून तांबडी होते. मागं दोरीवर टांगलेले शर्ट माणसांसारखे रांगेत उभे आहेत, एकाचीही मान नाही. पानगादीच्या आरशात अख्खा रस्ता उलटा वाहतोय. चिरमुरेवाल्याच्या चिमणीची ज्योत वाऱ्यानं आडवी झाली की ढिगावरचे चिरमुरे मोगऱ्यागत दिसतात, सरळ झाली की पुन्हा चिरमुरे. बंद दुकानाच्या पायरीवर हमाल झोपलाय, आणि त्याच्या उघड्या तळव्यावर खांबावरचा दिवा पडलाय, जणू कुणीतरी काहीतरी हातावर ठेवून गेलंय.

“मग बरं,” आई म्हणायची, आणि ओवी सुरू व्हायची.

वीस-बावीस वर्षं त्याच रस्त्यांवरून मी गेले होते आणि त्यातलं काही मी बघितलं नव्हतं. आई विचारत गेली म्हणून मी बघत गेले.

*

प्रदर्शनाला फोटो द्यायची वेळ जवळ आली आणि चाचांनी माझे छापलेले फोटो टेबलावर पसरले. “रंकाळा झकास. देवळाचं शिखर झकास. भवानी मंडप त्याहून झकास. पण हे सगळे बाकीचेबी आणतील, त्यांचे कॅमेरेबी तुझ्याहून महाग हाईत. हा इस्त्रीवाला आणि हा हमाल मात्र दुसरं कोण आणणार न्हाई. असलंच आणखी एक आण, जबरी. म्हणजे आत घालतील.”

मला गंगावेशीतला दूधकट्टा आठवला. आमच्या घरापासून गंगावेस हाकेवर. संध्याकाळी तिथं गवळी म्हशी घेऊन येतात आणि रस्त्याच्या कडेला बांधतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, गवळी ग्लास हातात धरतो आणि धार थेट ग्लासात. फेसाळ, कोमट दूध तिथंच उभ्यानं प्यायचं. पैलवानापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांच्या ओठांवर सारखीच पांढरी मिशी.

दुसऱ्या संध्याकाळी आईला कट्ट्यासमोरच्या, रस्त्यापलीकडच्या एका बोळाच्या तोंडाशी उभं केलं. तिथून अख्खा कट्टा नजरेत येत होता. कळ तिच्या हातात दिली.

“काय दिसतंय गं?”

“खांबाला एकच दिवा हाय. त्याच्याखाली म्हशींच्या पाठी. काळ्या न्हाईत, चकचकीत निळ्या दिसत्यात. धार चाललीया. ग्लासावर फेस आलाय, आणि सगळ्यात जास्त उजेड त्या फेसावरच हाय. दिवा राहिला बाजूला.”

“माणसं?”

“हाईत. पण फेसाकडंच बघत्यात. देवाकडं बघावं तशी.”

“मग बरं.”

“आई, एक म्हैस सारखी मान हलवतीया. मी जाऊन गवळीमामांना सांगून येतो. तू सुरू कर, लांब ओवी म्हण.”

“लांब जाऊ नगोस.”

“हे काय, रस्ता ओलांडला की.”

मी तिचा हात सोडला.

शामू गवळी धार काढतच होता. “मामा, तेवढं म्हशीला हलू नगो म्हणा की.”

“पोरी, मी बायकूला कवा हलू नगो म्हणलो न्हाई, म्हशीला काय म्हणू?” आजूबाजूची माणसं हसली, आणि पलीकडून आईची ओवी सुरू झालेली मला ऐकू आली.

आणि दिवे गेले.

खांबावरचा, दुकानांतले, खिडक्यांतले, सगळे एका दमात. पेठ काजळात बुडवून काढावी तशी झाली. “गेली! गेली!” म्हणून पोरं ओरडली. कुणाच्या तरी पायानं बादली लवंडली, तिचा खणखणाट झाला, आणि लगेच शामू गवळ्याचा आवाज: “सुटली! म्हैस सुटली! बाजूला व्हा!”

माणसं भिंतींकडं धावली. त्या रेट्यात मी खांबाला चिकटले. अंधारात खुरांचा आवाज येत होता आणि तो रस्ता ओलांडत होता. म्हशीला दिवा लागत नाही, तिला तिची घरची वाट पाठ असते. आणि तिच्या घरची वाट त्याच बोळातून होती, जिथं मी आईला उभं केलं होतं.

“आई! बाजूला हो! बाजूला हो, आई!”

आई हलली नाही. ती गात होती. आधीची ओवी नव्हती ही. ही मी कधी ऐकली नव्हती. मोठ्यानं, गळ्याच्या शिरा ताणून:

म्हशी आल्या पेठंमंदी, घुंगरांचा झाला नाद
अंधारात उभी माय, घाली लेकराला साद

संपली की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. पुन्हा.

दिवे जायची सवय असल्यामुळं शामू गवळ्यानं खांबाच्या खिळ्याला एक कंदील अगदी बारीक वातीनं पेटवून अडकवलेला असायचा. मी तो ओढून काढला, वात वर केली आणि पळत सुटले. माझ्यापुढं उजेडाचं एक डबकं, त्यापलीकडं नुसता आवाज. मी त्या आवाजाच्या रोखानंच पळाले, दुसरं काहीच दिसत नव्हतं. म्हैस आईच्या अंगाला घासून बोळात शिरली, तिची घंटा माझ्या कानाजवळून गेली. मी पोचले तेव्हा आई स्टँडला एका हातानं कवटाळून उभी होती, दुसऱ्या हातात कळ, अंगठा दाबून पांढरा पडलेला.

मी तिच्या दंडाला धरलं. तेव्हा तिनं अंगठा सोडला, आणि ओवी थांबली.

कंदिलाच्या उजेडात मागून शामू गवळी आला. आईच्या पदराला म्हशीच्या अंगाची माती लागलेली बघून तो गार पडला. “आक्का, लागलं का कुठं? अवो बाजूला का न्हाई झाला?”

आईनं पदर झटकला. “फोटो हलला असता न्हवं.”

माणसं गोळा झाली होती. “काळीज हाय का काय!” कुणीतरी म्हणालं. शामू गवळ्यानं दुसऱ्या एका म्हशीची धार ग्लासात घेऊन तिच्यापुढं धरली. “घ्या. आज तुमचा मान.” आईनं हात पुढं केला तो ग्लासाच्या बराच बाजूला. मी ग्लास तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला, तरी फेस काठावरून सांडला. मला वाटलं, आता भीती वाटायला लागली हिला.

घरी जाताना तिनं माझं मनगट सोडलं नाही. दाराशी आल्यावर म्हणाली, “आण्णांना म्हशीचं सांगू नगोस.”

*

“किती ओव्या?” चाचांनी निगेटिव्ह धुताना विचारलं.

“मोजल्या न्हाईत.”

“मग जळला असंल.”

पण जळला नव्हता. दिवे होते तोवर फिल्मनं म्हशींच्या पाठी टिपल्या होत्या, फेसाचा ग्लास टिपला होता, माणसांचे वाकलेले चेहरे टिपले होते. दिवे गेल्यावर ती अंधार बघत थांबली होती. आणि मग त्या अंधारातून, खांबापासून निघून, रस्ता ओलांडून, सरळ बघणाऱ्याच्या अंगावर येणारी उजेडाची एक रेघ. जरा वाकडीतिकडी, ठेचकाळलेली, पण कुठंही न तुटलेली. चाचांनी ओला कागद चिमट्यात धरून दाराशी नेला आणि उजेडात धरून ती रेघ पुन्हा पुन्हा बघितली.

फोटो लागला. बक्षीस नाही मिळालं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी रंकाळ्याला गेलं. पण आण्णांनी शब्द पाळला, कागलला आपण होऊन निरोप धाडला आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, “एक वरीस.” त्या एका वर्षाचीच पुढं अनेक वर्षं झाली. आज मी जे काही आहे ते त्यातूनच निघालं.

आईला मी संध्याकाळी प्रदर्शनाला चल म्हणत होते, तेव्हा दिव्यांची सजावट होती. ती दुपारीच जायचं म्हणून हटून बसली. आम्ही गेलो तेव्हा हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो, आणि एक पंखा. मोठमोठ्या खिडक्यांतून ऊन आत आलेलं. आईनं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं आणि चपला दारातच काढल्या होत्या, देवळात काढाव्या तशा.

ती प्रत्येक फोटोपुढं उभी राहिली. दुसऱ्यांच्याही. नाक काचेला लागेल इतकी जवळ.

“हे तळ्यात दिवं पडलंत, ते असं लांबट हुत्यात व्हय?”

“होय की. पाण्यात तसंच दिसतं.”

“आणि ही पानगादी... ह्या आरशात एवढं सगळं दिसतं व्हय रात्री?”

“आई, तू तर होतीस की माझ्यासंगं. मी सांगितलं होतं तुला.”

“सांगितलं हुतंस,” ती म्हणाली. “जसं सांगितलं हुतंस, अगदी तसंच हाय.”

हमालाच्या तळव्यापाशी तिनं आपला तळवा काचेवर ठेवला. मग शेवटी दूधकट्ट्यापुढं आली. म्हशी बघितल्या, फेस बघितला, हसली. मग तिचं बोट त्या रेघेवर गेलं आणि रेघेबरोबर हळूहळू सरकायला लागलं, खांबापासून खालच्या कडेपर्यंत.

“हे काय गं?”

“मी. कंदील घेऊन पळत आलो न्हवं का तुझ्याकडं? मी पळत होतो म्हणून मी उठलो न्हाई फोटोत. कंदील तेवढा उठला.”

तिनं बोट पुन्हा खांबापाशी नेलं, पुन्हा तीच वाट गिरवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

“आई, खरं सांग. तू बाजूला का न्हाई झालीस? फोटोसाठी?”

“कुठली बाजू?” ती म्हणाली. “बाजू दिसाय नगं?”

तिनं दुसऱ्या हातानं, पदरानं काचेवरची वाफ पुसली.

“दिवं लागलं की मला दिसत न्हाई, वैजे. भोवती सगळं काळं हुतं. लहानपणापासनं. माझ्या आईला असंच हुतं, तिच्या आईलाबी. माझ्या लग्नात आईनं शपथ घातली, सासरी कुणाला कळू देऊ नगोस, नांदवणार न्हाईत. आण्णांना पहिल्याच म्हैन्यात कळलं. त्यांनी कवा बोलून दावलं न्हाई. त्या रात्री मी नुसती गात ऱ्हायलो, म्हणलं आवाजावर तरी येशील.”

मला स्टूल आठवलं, चपला आठवल्या, मनगटात रुतलेल्या बांगड्या आठवल्या. आणि उंबरा.

“मग रोज संध्याकाळी मला दारात बसवून विचारायचीस,” मी म्हणाले, “ते तुला बघायचं असायचं म्हणून?”

“छे गं!” आईनं मान हलवली. तिचं बोट अजून त्या उजेडाच्या रेघेवरच होतं. “शांताच्या काठाशी मला काय करायचं हुतं? तुझं डोळं माझ्यावर गेल्यात का आण्णांवर, तेवढं बघत हुतो मी. रोज.”